आळ पाणीपुरीवर आला, पण भाताचं काय?

प्रश्न: ठाण्याच्या एका वाचक ताईंच्या घरी पती, आठ वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई आहेत. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या डिसेंबरात चौघं एका खाद्यमहोत्सवाला गेले. संध्याकाळी साडेसातला आजी-नातवाने एका प्लेटमध्ये शेजवान फ्राइड राइस खाल्ला, ताई आणि त्यांच्या पतींनी थालीपीठ घेतलं. निघताना, साडेआठच्या सुमाराला, ताईंच्या आग्रहाने चौघांनी पाणीपुरी खाल्ली. रात्री अकराला आजी-नातवाला उलट्या सुरू झाल्या. मुलगा सकाळपर्यंत सावरला, सासूबाईंना मात्र सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून पतींचा नियम आहे: बाहेर खायचं तर मॉलच्या फूड कोर्टातच. सासूबाईंना यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला जायचंय आणि त्यांचं म्हणणं, "आम्ही जन्मभर जत्रेत खाल्लं, कधी काही झालं नाही." ताई विचारतात: पाणीपुरीचा हट्ट माझाच होता, हे मनातून जात नाही. आता जत्रेला जावं का? गेलो तर काय खावं?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. पाणीपुरी चौघांनी खाल्ली, आजारी दोघंच पडले. आणि त्या दोघांनी मिळून जे खाल्लं, त्याचा घासही तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी घेतला नव्हता. तो म्हणजे राइस.

आता घड्याळ बघा. साडेसातला राइस, अकराला उलट्या, म्हणजे साडेतीन तास. खाल्ल्यापासून तास ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, की पोटात गेलेले जंतू तिथे वाढले असं सहसा नसतं. तेवढा वेळच त्यांना मिळालेला नसतो. जंतूंनी अन्नात आधीच विष तयार करून ठेवलेलं असतं आणि आपण ते विष खातो. शिजलेल्या भातात हा उद्योग करणारा जंतू म्हणजे बॅसिलस सिरियस. त्याचे बीजाणू तांदळाबरोबरच येतात आणि भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष पुन्हा परतून जात नाही, कढईखाली कितीही मोठा भडका असला तरी.

फ्राइड राइसची अडचण नेमकी इथे आहे. दाणा मोकळा राहावा म्हणून भात आधी शिजवून गार करावा लागतो. तो पसरट ताटात पातळ पसरून तासा-दोन तासांत गार केला आणि फ्रिजमध्ये ठेवला, तर काही बिघडत नाही. पण मैदानावरच्या स्टॉलला फ्रिज कुठला? दुपारच्या आत शिजवलेला भात मोठ्या टोपात भरून टेबलाखाली सरकवलेला असतो, वर ओलं फडकं, आणि संध्याकाळभर त्यातूनच डावाडावाने कढईत पडत राहतो. टोपात खच्चून भरलेला भात वरून गार दिसला, तरी मध्यभागी कितीतरी तास कोमटच राहतो. कढईतून प्लेटमध्ये येताना तो वाफाळता असतो, म्हणून आपल्याला ताजा वाटतो.

त्या स्टॉलवर असंच झालं होतं असं मी इथून ठामपणे म्हणणार नाही, अन्नाचा नमुना तपासल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही. पण तुम्ही दिलेल्या वेळा आणि कोणी काय खाल्लं ते जुळवून पाहिलं, तर पाणीपुरीपेक्षा भाताकडे बोट जातं. तेव्हा तो हट्ट तुमचा होता म्हणून स्वतःला लावून घेतलेला दोष आता उतरवून ठेवा. तसाही, हट्टाने खायला घालणं आणि खराब अन्न विकणं यात फार अंतर आहे.

पाणीपुरीला मात्र मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही. तिचं घड्याळ वेगळं आहे. दूषित पाण्यातून येणारा टायफॉइड साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो आणि हिपॅटायटिस-ए ची कावीळ दोन ते सात आठवड्यांनी. दिवाळीत प्यायलेल्या पाण्याची कावीळ डिसेंबरात उगवते आणि तोवर आपण कुठे काय खाल्लं ते विसरून गेलेलो असतो. चिंचेच्या आंबटपणाने पाणी शुद्ध होतं, हा निव्वळ समज आहे. 'मिनरल वॉटरची पाणीपुरी' ही पाटी वाचून थांबू नका; सीलबंद जार उघडून त्यातून पाणी घेतात का ते बघा, आणि पाण्यात टाकलेला बर्फ कुठून आला तेही विचारा.

बर्फाचं इथेच सांगून टाकते. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा, असा नियम २०१८ पासून आहे. म्हणजे मासळीच्या स्टॉलवर पापलेटाखाली निळसर बर्फ दिसला तर तो विक्रेता नियमाने वागतोय. तोच निळसर बर्फ उसाच्या रसात किंवा गोळ्यात दिसला तर पाऊल मागे घ्या. उलट बाजू मात्र खरी नाही: पांढरा बर्फ दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही.

आता तुमच्या यजमानांच्या नियमाकडे येऊ. त्यांची काळजी रास्त आहे. आईला सलाइन लावलेलं पाहिल्यावर कोणीही असंच म्हणेल. शिवाय फूड कोर्टात काही गोष्टी खरोखरच चांगल्या असतात: नळाचं वाहतं पाणी, हात धुवायला बेसिन, फ्रिज, बसायला जागा, स्वच्छतागृह. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल असताना या गोष्टी छोट्या नव्हेत. माझा आक्षेप एवढाच, की ते जागेवर विश्वास ठेवतायत आणि अन्न कुठेही बिघडतं ते वेळेमुळे आणि तापमानामुळे. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं किंवा ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात ते जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. चकचकीत फरशीला हे बदलता येत नाही.

फूड कोर्टात ग्रेव्ह्या, सॉस, अर्धवट शिजवलेलं चिकन असं बरंच सामान तिथे न बनता मध्यवर्ती किचनमधून येतं. काउंटरवर स्टीलच्या खणांत भाज्या मांडलेल्या असतात, खाली गरम पाणी असतं. गर्दीच्या वेळी खण भराभर रिकामे होतात, म्हणून अन्न ताजं राहतं. पण मंगळवारी दुपारी चारला त्याच काउंटरवर जा. भाजीवर साय धरलेली दिसेल, कडा सुकून गडद झालेल्या दिसतील आणि वाफ नसेल. तिथे 'कॉम्बो'ऐवजी ऑर्डरनंतर तव्यावर पडणारा डोसा किंवा पराठा सांगा. टेबलाचंही बघा. एकच ओलं फडकं वीस टेबलांवर फिरतं, म्हणून मुलाला खाली पडलेला फ्राय उचलून खाऊ देऊ नका.

म्हणून मी यजमानांशी वाद घालायला सांगत नाही, त्यांचा नियम थोडा सरकवायला सांगते. 'कुठे खायचं' याऐवजी 'काय खायचं' यावर नियम करा. माझ्या मते दोन प्रश्न पुरतात: हा पदार्थ ओला आहे की कोरडा? आणि शिजल्यापासून माझ्या हातात यायला किती वेळ गेलाय?

हे दोन प्रश्न लावले की सासूबाईंचं म्हणणं किती खरं आहे ते कळतं. 'आम्हाला कधी काही झालं नाही' हा पुरावा नव्हे, हे मान्य. जुलाब त्या काळातही व्हायचे, फक्त जत्रेशी त्यांचा संबंध कोणी जोडत नसे. पण त्या ज्या जत्रेत वाढल्या तिथे खायला काय असायचं ते आठवा. खाजं, गोडी शेव, रेवड्या, बत्तासे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, आणि कढईतून निघालेली भजी. एक तर कोरडं, नाहीतर उकळत्या तेलातून थेट पानावर. मालवणी खाजंच घ्या. बेसनाच्या कांड्या तळून काढायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायच्या. तळणीत पाणी उडतं, उरलेल्या ओलाव्याला गूळ धरून ठेवतो, जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही. म्हणून ते उघड्या टोपलीत कित्येक दिवस राहतं. जत्रेचा हा खाऊ लांबून चालत आलेल्या माणसाने घरी नेण्यासाठीच घडलेला आहे. आताच्या जत्रेत आणि महोत्सवात त्याच्या शेजारी मोमो, शोरमा, मेयोनीज, चीज, क्रीम आलं. हे सगळे ओले, दुधा-अंड्याचे, फ्रिज मागणारे पदार्थ, आणि फ्रिज अजून मैदानात आलेला नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली ती काही उगाच नाही. सासूबाईंना हे असं सांगून बघा. त्यांचा अनुभव खोटा न पाडता त्यांना राइस आणि मेयोनीजपासून दूर ठेवता येईल.

तेव्हा माझं उत्तर: जत्रेला जा. जाताना थोडी तयारी करा, बाकीच्या वाचकांनाही ती उपयोगी पडेल.

निघण्याआधी सगळ्यांना घरी पोळी-भाजी किंवा दहीभात खायला घाला. कडकडून भूक लागलेला माणूस पहिल्या स्टॉलवर हातात येईल ते घेतो. पिशवीत माणशी एक लिटर पाणी, साबणाची वडी, चार चमचे, एक घट्ट झाकणाचा रिकामा डबा आणि ओआरएसची दोन पाकिटं. साबणच घ्या, सॅनिटायझर तेलकट हातांवर नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर तो कमजोर पडतो.

पोहोचल्यावर पहिली फेरी काहीही न घेता मारा. स्टॉलच्या पुढच्या सजावटीकडे बघू नका, बाजूने किंवा मागून बघा. ताटल्या कुठे धुतायत? नळाखाली, की एकाच बादलीत बुचकळून? पिण्याचं पाणी तोटीच्या जारमधून येतं, की पेला आत बुडवून काढतात? शिजवून ठेवलेला साठा कुठे आहे, आचेवर की टेबलाखाली? पैसे घेणारा आणि वाढणारा हात वेगळा आहे का? हातमोज्यांनी फसू नका. तेच मोजे घालून नोटा मोजल्या, कांदा उचलला आणि पुरी फोडली, तर मोजा फक्त वाढणाऱ्याचा हात स्वच्छ ठेवतो. हल्ली क्यूआर कोडमुळे नोटांना हात लागणं कमी झालंय, हा त्याचा न ठरवलेला फायदा.

तेलाकडे मिनिटभर बघा. चांगल्या तेलात भजी टाकली की बुडबुडे येतात आणि भजी निघाली की शमतात. जुन्या तेलावर बारीक फेस येतो आणि तो बसतच नाही, तेल काळपट आणि दाट दिसतं, तळण्याआधीच धूर येतो, पदार्थ खाल्ला की घशात खवखवतं. तेलातले खराब घटक, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, डोळा आणि नाक असतं. तळण वर्तमानपत्रावर देत असतील तर तुमचा डबा पुढे करा. छापील कागदात अन्न द्यायला मनाईच आहे, शाईतले घटक गरम तेलात उतरतात.

परवाना विचारायला संकोच करू नका. स्टॉलवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक लावलेला असायला हवा. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या विक्रेत्याची नोंदणी. बचत गटाच्या बायकांच्या स्टॉलवर बहुधा २ ने सुरू होणारा क्रमांक दिसेल आणि त्यात कमीपणा काही नाही. भीमथडी किंवा महालक्ष्मी सरससारख्या ठिकाणी त्यांच्या तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी मला मैदानावरच्या सगळ्यांत भरवशाच्या पदार्थांपैकी वाटते. भाकरीबरोबरचं पिठलं आचेवर रटरटत असेल तर घ्या, पातेलं खाली उतरवून ठेवलेलं असेल तर ठेचा आणि तेल मागा. कापून ठेवलेला कांदा-काकडी सोडा.

एक वाक्य सगळीकडे उपयोगी पडतं: "नवीन घाणा काढाल तेव्हा द्या, आम्ही थांबतो." पाच-सात मिनिटं लागतात, कोणी रागावत नाही. गर्दीच्या स्टॉलचा माल भराभर खपतो म्हणून तो ताजा असतो, हे खरं. पण रात्री आठच्या रेट्यात चिकन सीख घाईने उतरवली जाते. तुकडा मोडून बघा. मधे गुलाबी किंवा चिकट दिसला तर परत निखाऱ्यावर ठेवायला सांगा.

कोकणातल्या जत्रेत दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्या, ओल्या नारळाची चटणी आणि सोलकढी. नारळाचं दूध कच्चं असतं आणि उकाड्यात लवकर उतरतं. सोलकढीचं भांडं बर्फात किंवा फ्रिजमध्ये असेल तरच घ्या. आंबूस वासावरून ओळखू म्हणाल तर कोकमाच्या आंबटपणात तो वास कळत नाही. तळलेला बोंबील कुरकुरीत आणि चटका देणारा असेल तर बिनधास्त खा. बिर्याणी, राइस, कापलेलं फळ आणि क्रीम हे तिथून पिशवीत घालून घरी आणू नका. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि कडक उन्हाळ्यात एकच तास, एवढीच मुदत धरा.

एवढं करूनही पोट बिघडू शकतं. तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण सासूबाईंचं गेल्या वेळचं दुखणं बहुधा पाणी कमी पडल्यामुळे वाढलं. पहिल्या उलटीनंतर दहा मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर ओआरएस द्या. पेलाभर एकदम दिलं की पुन्हा उलटून पडतं. पाकिटावर २०० मिलिलिटर लिहिलंय की १ लिटर ते वाचून तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाका, अंदाजाने नको. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर मुलांना अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं मिळतात, ती नकोत. मुलाला जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, कारण काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि शरीर आणखी कोरडं पडतं. हा प्रश्न जत्रेला जाण्याआधीच विचारून ठेवलात तर उत्तम. सहा-आठ तास लघवी नाही, जुलाबात रक्त, जास्त ताप, ग्लानी, किंवा चमचाभर पाणीही टिकत नाही, यातलं एकही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

एकाच पदार्थाने दोघं आजारी पडले, तर गप्प बसू नका. म्हणून खाताना स्टॉलची पाटी आणि तो १४ आकडी क्रमांक यांचा एक फोटो काढून ठेवा, बिल किंवा पैसे भरल्याची नोंद जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर करता येते; जास्त पैसे घेतले, कुपनाचे उरलेले पैसे परत दिले नाहीत, अशा गोष्टींसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रार लवकर केली तर निरीक्षक त्या साठ्यातला नमुना उचलू शकतो. दोन दिवसांनी स्टॉलही नसतो आणि टोपही घासलेला असतो.

राहिलं खाजं. ते सासूबाईंनाच निवडू द्या. कांडी मोडली की कटकन आवाज यायला हवा आणि बोटाला पाक चिकटता कामा नये. चिकटला तर गूळ नीट आटवलेला नाही आणि ते लवकर मऊ पडेल. पहाटे-सकाळी गर्दी आणि धूळ कमी असताना घ्या, टोपलीच्या वरच्या थरातलं न घेता आतलं मागा आणि घरून नेलेल्या कोरड्या डब्यात भरा. यजमानांसाठी थोडं जास्तच आणा.